वाद्यांचा पारखी : योहान सेबास्टियन बाख

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे दरवर्षी काही पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. मुलास अथवा मुलीस संगीताची आवड आहे. घरी विजेवर चालणारी पेटी, म्हणजे हल्ली सर्वजण जिला कीबोर्ड म्हणतात ती, घ्यावयाची आहे. तर ती कोणत्या कंपनीची घ्यावी? यामाहाची की कॅसिओची, रोलँडची की कॉर्गची? शेजाऱ्यांनी एक नाव सांगितलेले असते, दुकानदाराने दुसरे, आणि मुलाच्या मित्राने तिसरेच. ह्या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देणे आम्हांस आजवर कधीच साधलेले नाही. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही एका थोर पुरुषाचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे. तो वीज माणसाच्या सेवेत रुजू होण्यापूर्वी कितीतरी वर्षे होऊन गेला. परंतु पट्ट्यांचे वाद्य कसे पारखावे, आणि पारखताना वाद्य करणाऱ्याशी न्यायाने कसे वागावे, हे त्याच्याइतके जाणणारे जगात फार थोडे झाले असतील.

योहान सेबास्टियन बाख ह्याचा जन्म जर्मनीतील आयसेनाख ह्या गावी, तेथे त्या वेळी चालू असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे, २१ मार्च १६८५ रोजी झाला. ह्याच गावच्या शाळेत पूर्वी मार्टिन लूथर शिकला होता, आणि गावावरील वार्टबुर्ग किल्ल्यात राहून त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले होते. बाख घराण्यात गायनवादन हा पिढीजात धंदा होता. सुताराच्या मुलाच्या हाती जसा नकळत रंधा येतो, तसे ह्या घरातील मुलांच्या हाती वाद्य येत असे. सेबास्टियन हा भावंडांत सर्वांत धाकटा. परंतु बाळपणाचे सुख त्यास फार दिवस लाभले नाही. १६९४ साली आई वारली, आणि पुढील वर्षी वडिलांनीही इहलोकीची यात्रा संपविली. त्या वेळी त्यास दहावे वर्षही पुरे झाले नव्हते.

ह्या पोरक्या मुलास ओर्डरुफ ह्या गावी ऑर्गन वाजविणाऱ्या थोरल्या भावाने आपल्या घरी आश्रय दिला. भावाजवळ नामांकित रचनाकारांच्या कृतींचे एक हस्तलिखित पुस्तक होते; ते त्याने जाळीच्या दाराच्या कपाटात ठेवून दिले होते, आणि धाकट्यास हात लावण्याची मनाई होती. लहानग्या सेबास्टियनचा हात त्या जाळीतून आत जात असे. रात्री सर्व निजल्यावर तो पुस्तकाची गुंडाळी करून ते बाहेर काढी, आणि दिवा मिळण्याची सोय नसल्याने चांदण्यात बसून त्याची नक्कल करी. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली; परंतु भावास ती सापडली आणि त्याने ती काढून घेतली. ही हकीकत बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने व शिष्याने मिळून लिहिलेल्या चरित्रलेखात आलेली आहे. आज्ञाभंगाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु जे कानांनी ऐकले ते हातांनी स्वतः उतरून घेतल्याशिवाय आपले होत नाही, हे त्या बालकास किती लवकर उमगले होते ते पाहावे.

पुढील हकीकत नीट समजण्यासाठी त्या काळच्या पट्ट्यांच्या वाद्यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आपल्या बाजाच्या पेटीत भात्यातील हवा धातूच्या लहान पात्यांना थरथरविते. युरोपातील मोठ्या मंदिरांतील ऑर्गनात हीच हवा लहानमोठ्या शेकडो, क्वचित हजारो नळ्यांत सोडली जाते. वादकाच्या हाताशी अनेक खुंट्या असतात. एक खुंटी ओढली की एका जातीच्या नळ्यांची रांग बोलू लागते. हातांसाठी पट्ट्यांच्या दोनतीन ओळी आणि पायांसाठी एक निराळी ओळ असे, व मागे भाते चालविण्यास माणसे लागत. घरात व दरबारात हार्प्सिकॉर्ड असे. त्यात पट्टी दाबली म्हणजे पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा तुकडा तार छेडी. क्लॅव्हिकॉर्ड हे तिसरे वाद्य. त्याचा आवाज अगदी कोमल, एका खोलीपुरता. पियानो मात्र तेव्हा नुकताच जन्मास येत होता. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी ह्या कारागिराने १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहान हातोडी मारणारे वाद्य सिद्ध केले. बोट हलके पडले तर आवाज हलका, जोराने पडले तर मोठा, असा त्याचा विशेष.

ओर्डरुफ सोडून १७०० साली पंधरा वर्षांचा बाख उत्तरेस ल्यूनेबुर्ग येथील शाळेत गेला. तेथे मंदिराच्या गायकवृंदात गाऊन त्याने आपले शिक्षण चालविले, आणि वृद्ध वादक राइंकेन ह्याचे वादन ऐकावयास तो हॅम्बुर्गपर्यंत जाऊन येत असे. अठराव्या वर्षी, १७०३ साली, त्यास एक विलक्षण बोलावणे आले. आर्नश्टाट गावच्या नव्या मंदिरात वेंडर नावाच्या कारागिराने नवा ऑर्गन बांधला होता. तो कराराप्रमाणे झाला आहे की नाही हे तपासण्यास गावकऱ्यांनी ह्या तरुणास पाचारण केले. त्याने तो तपासला, वाजवून दाखविला, आणि थोड्याच दिवसांत त्याच मंदिराचा वादक म्हणून त्याची नेमणूक झाली. नावलौकिक नसलेल्या अठरा वर्षांच्या मुलावर गावाने एवढा भरवसा टाकावा, ह्याचे कारण त्याचे बोट आणि त्याचा कान.

तेथूनच १७०५ साली तो ल्यूबेक शहरी बुक्स्टहूड ह्या श्रेष्ठ वादकास ऐकण्यासाठी सुमारे ४०० किलोमीटर पायी गेला. रजा चार आठवड्यांची होती. परत येण्यास त्यास सुमारे चार महिने लागले. ह्याबद्दल वरिष्ठांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. १७०७ साली तो म्यूलहाउसेन येथे गेला, आणि त्याच वर्षी मारिया बार्बारा हिच्याशी त्याचा विवाह झाला. तेथील जुन्या ऑर्गनाच्या दुरुस्तीची जी योजना त्याने १७०८ साली लिहून दिली ती अद्याप उपलब्ध आहे. तिच्यात तो पहिल्याने वळतो तो भात्यांकडे. वाद्यास हवा कमी पडते, ती आधी पुरी करावी, मग गोड आवाजाच्या नव्या नळ्यांचे पाहावे, असा त्या योजनेचा क्रम आहे.

हाच क्रम त्याने जन्मभर पाळला. कोणताही नवा ऑर्गन तपासावयाचा असला म्हणजे बाख प्रथम सर्व खुंट्या ओढून भरगच्च स्वरांनी तो वाजवी, आणि ह्या वाद्याची फुप्फुसे दणकट आहेत की नाहीत हे आधी कळले पाहिजे, असे विनोदाने म्हणे. त्यानंतर तो एकेक अवयव निराळा तपाशी. ज्या कारागिराचे काम कच्चे असे त्यास ह्या क्षणी घाम फुटत असे. परंतु ह्या परीक्षकाची दुसरी बाजू तितकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काम खरोखर उत्तम उतरले आहे, आणि ठरलेल्या रकमेत कारागिरास तोटा आला आहे, असे दिसून आले तर मालकांनी त्यास आणखी पैसे द्यावेत अशी तो रदबदली करी. आणि ती कित्येक वेळा सफळ होत असे.

१७०८ पासून बाख वायमारच्या दरबारी होता. १७१३ साली हाले शहराने त्यास आपल्या मंदिराचा वादक होण्याविषयी विचारले. पगाराचे न जमल्यामुळे त्याने नकार दिला, तेव्हा त्याने आपला उपयोग वायमारमध्ये पगार वाढवून घेण्यापुरता केला असा संशय तेथील पंचांनी घेतला. तरीसुद्धा १७१६ साली तेथे मोठा ऑर्गन पुरा झाला तेव्हा त्याच पंचांनी परीक्षक म्हणून इतर दोघांबरोबर बाखलाच बोलाविले. मनात किंतु असला तरी त्याच्या तराजूविषयी कोणास शंका नव्हती. ह्या प्रसंगी परीक्षकांस जी मेजवानी झाली तिची यादी सुदैवाने राहिली आहे. मासा, निरनिराळ्या तऱ्हेचे मांस, वाटाणे, पालक, भोपळा, शतावरीची कोशिंबीर, मुळे, ताजे लोणी आणि साखरेत मुरविलेली फळे असा तो थाट होता. परीक्षकांस जेवणाचा कंटाळा नव्हता. परंतु जेवणाने निकाल बदलत नव्हता.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७१७ मध्ये, लाइपझिगच्या विद्यापीठ मंदिरातील ऑर्गनाची परीक्षा त्याने केली. त्याचा लेखी अहवाल आजही वाचावयास मिळतो, आणि तो प्रत्येक ग्राहकाने मनन करण्याजोगा आहे. वाद्याची रचना दाटीची असून एखाद्या भागाशी पोहोचणे कठीण जाते, हा दोष त्याने दाखविला. परंतु जागाच अपुरी होती म्हणून त्याचा बोल कारागिरास लाविला नाही. हवा समान रीतीने पोहोचत नाही आणि पट्ट्या फार खोल जातात, ह्या गोष्टी सुधारावयास सांगितल्या. वाद्यामागील खिडकीतून ऊनपाऊस लागू नये म्हणून आडोसा करावा असे सुचविले. कराराबाहेर जे काम झाले होते त्याचा मोबदला कारागिरास मिळावा असे लिहिले, आणि त्याच वेळी त्याने निदान एक वर्षाची हमी द्यावी असेही लिहिले. आजकाल खोक्याबरोबर जो हमीचा कागद मिळतो, आणि जो आपण न वाचता खणात टाकतो, त्याची किंमत बाखला तीनशे वर्षांपूर्वी कळली होती.

ह्या सुमारास तो क्योथेनच्या राजाकडे संगीताचा प्रमुख होता. दरबारासाठी एक हार्प्सिकॉर्ड बर्लिनच्या मिट्के नावाच्या कारागिराकडून करवून घेण्यात आले होते. ते आणण्यास १७१९ साली बाख स्वतः बर्लिनला गेला. वाद्याची किंमत व प्रवासखर्च मिळून १३० थालर, त्या वेळची चांदीची नाणी, खर्ची पडल्याची नोंद दरबारच्या वहीत आहे. शंभराहून अधिक किलोमीटरांवरून माल मागवावयाचा, तर तो स्वतःच्या बोटांनी वाजवून मगच ताब्यात घ्यावा, हा व्यवहार त्याने सोडला नाही.

१७२० साल त्याच्यावर घाला घालून गेले. राजाबरोबर परगावी गेलेला बाख जुलै महिन्यात घरी परतला तेव्हा पत्नीचे दफन होऊन गेले होते. घरात चार लहान मुले होती. ज्येष्ठ पुत्र नऊ वर्षांचा. त्याच्यासाठी बापाने त्याच वर्षाच्या आरंभी स्वतःच्या हाताने धड्यांची वही सुरू केली होती. ती वही त्याने दुःखातही सोडून दिली नाही. पुढे १७२१ च्या डिसेंबरात आना माग्दालेना ह्या गायिकेशी त्याचा दुसरा विवाह झाला, आणि तिच्यासाठीही त्याने अशाच वह्या लिहिल्या. १७२२ साली त्याने काळ्यापांढऱ्या सर्व बारा पट्ट्यांस षड्ज मानून, प्रत्येकीपासून दोन प्रकारच्या स्वरमालिकांत, अशा चोवीस जोड्यांचा संग्रह पुरा केला. वाद्य असे जुळविले पाहिजे की कोणत्याही पट्टीपासून आरंभ केला तरी ते कानास गोड लागावे, हे त्याने रचनांनीच सिद्ध करून दाखविले. आपले हार्प्सिकॉर्ड तो दुसऱ्या कोणास जुळवू देत नसे, आणि ते काम पाव तासात उरकीत असे. आज घरोघरच्या कीबोर्डावर मूल बोट ठेवते आणि बाराही पट्ट्या सारख्याच आज्ञाधारक असतात, ही सोय मिळण्यापूर्वी किती कानांनी व किती हातांनी कष्ट घेतले आहेत हे मुलांनी विसरू नये.

१७२३ साली लाइपझिगच्या टोमास शाळेत संगीतशिक्षकाची जागा बाखला मिळाली. ती कशी मिळाली हे सांगण्याजोगे आहे. नगरपालिकेची पहिली पसंती टेलेमान ह्यास होती, कारण त्याचे नाव सर्व जर्मनीत गाजत होते. तो आला नाही, तेव्हा ग्राउप्नर ह्यास निवडले. त्यास त्याच्या राजाने सोडले नाही. तिसऱ्या क्रमांकावर बाख पत्करला गेला. नावाच्या मागे धावणाऱ्या ह्या सभासदांच्या पदरी देवाने केवढे रत्न टाकले होते ते त्यांस अखेरपर्यंत कळले नाही. बाख शाळेच्याच इमारतीत राही, मुलांस गायन शिकवी, पाळीप्रमाणे त्यांच्यावर देखरेख करी, आणि पहिल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक रविवारच्या उपासनेसाठी नवे संगीत रची. मुले पुरेशी तयार नाहीत, वादक थोडे आहेत, अशी गाऱ्हाणी त्याने १७३० साली वरिष्ठांस लिहून कळविली. घरखर्च मोठा होता. दोन्ही विवाहांची मिळून वीस मुले झाली, त्यांपैकी दहाच मोठी होऊ शकली. अशा ओढाताणीतही वाद्यपरीक्षेसाठी त्यास लांबलांबून बोलावणी येत राहिली.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हे चरित्र निवडले. फ्रायबर्ग गावी गोटफ्रीड झिल्बरमान नावाचा कारागीर राहत होता. ऑर्गन बांधण्यात त्याचा हात धरणारा त्या प्रांतात कोणी नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याची कंपनी पहिल्या दर्जाची होती. क्रिस्तोफोरीच्या नव्या शोधाची वार्ता जर्मनीत पोहोचल्यावर त्यानेही हातोडीचे दोन पियानो तयार केले. त्यांपैकी एक बाखने पाहिला आणि वाजविला. वाद्याच्या आवाजाची त्याने वाखाणणी केली. परंतु तार सप्तकातील स्वर फार दुबळे आहेत आणि पट्ट्या बोटास फार जड जातात, असे त्याने स्पष्ट सांगितले. बाखचा शिष्य आग्रिकोला ह्याने ही हकीकत लिहून ठेविली आहे. झिल्बरमानास हे बोलणे झोंबले. आपल्या कामात कोणी उणे काढलेले त्यास सहन होत नसे, आणि पुष्कळ दिवस तो बाखवर रागावून होता.

येथे क्षणभर थांबून आपण दोघांच्याही मनात डोकावू. बाख गोड बोलून वेळ मारून नेऊ शकला असता. एवढा नामांकित कारागीर. त्याच्या ऑर्गनांविषयी बाखला आदर. शिवाय वाद्य नव्या तऱ्हेचे, म्हणजे दोष झाकावयास सबब तयार. परंतु दुबळ्या स्वरास दुबळा म्हणणे हे त्याने आपले कर्तव्य मानले. दुसरीकडे झिल्बरमान रागावला खरा, पण एकान्तात त्याचे मन त्यास सांगत राहिले की हा म्हणतो ते खोटे नाही. मग त्याने जे केले त्यातच त्याचा मोठेपणा आहे. ते पियानो विकत सुटण्याऐवजी त्याने विक्री थांबविली, आणि बाखने दाखविलेले दोष काढून टाकण्यासाठी तो पुढे कित्येक वर्षे खपला. शेवटी सुधारलेले वाद्य त्याने पुन्हा बाखपुढे ठेविले. आणि बाखने आपला जुना निकाल उराशी धरून न बसता त्यास मनापासून पसंती दिली. कारागीर एक, नाव एक, वाद्ये मात्र दोन आणि निकालही दोन! नाव पाहून निकाल देणारा मनुष्य दोन्ही वेळा चुकला असता.

मने पुन्हा जुळल्याचा पुरावा १७४६ साली मिळाला. नाउमबुर्ग येथे हिल्डेब्रांट ह्या कारागिराने बांधलेला ऑर्गन तपासण्यास बाख व झिल्बरमान हे दोघे मिळून गेले. हिल्डेब्रांट हा झिल्बरमानाचा पूर्वीचा शिष्य. दोघांत एके काळी तंटाही झाला होता. तरी ह्या दोघा परीक्षकांनी करारातील प्रत्येक वस्तू जागेवर असल्याची ग्वाही दिली, आणि सर्व स्वर व पट्ट्या अधिक सारख्या होण्यासाठी कारागिराने पुन्हा एकदा हात फिरवावा एवढेच सुचविले. तो ऑर्गन आजही त्या मंदिरात वाजत आहे.

पुढील वर्षी, ७ मे १७४७ रोजी, बाख पॉट्सडाम येथे प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्याच्या राजवाड्यात आला. राजा स्वतः बासरी वाजवीत असे. बाख आल्याची वर्दी मिळताच त्याने त्या रात्रीचा आपला कार्यक्रम बाजूस ठेविला, आणि झिल्बरमानाचे जे अनेक पियानो त्याने विकत घेतले होते ते दालनादालनांतून हिंडवून ह्या वृद्ध परीक्षकाकडून वाजवून घेतले. राजाने एक स्वरविषय दिला आणि बाखने त्यावर तेथल्या तेथे रचना बांधून वाजविली. पुढे त्याच विषयावर आणखी रचना करून त्याच वर्षी त्या छापून राजास अर्पण केल्या. पूर्वी ज्या वाद्यास त्याने उणे ठरविले होते, त्याच जातीच्या वाद्यावर एका राजापुढे बसण्याचा योग त्यास आला. इतकेच नव्हे, तर १७४९ साली असा एक पियानो पोलंडच्या एका सरदारास ११५ थालरांस विकल्याची त्याच्या सहीची पावती उपलब्ध आहे. ज्याने दोष सांगितला, तोच दोष नाहीसा झाल्यावर त्या वाद्याची शिफारस करणारा झाला.

ह्यानंतर थोड्याच काळात त्याची दृष्टी गेली. टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज डॉक्टराने १७५० च्या वसंत ऋतूत त्याच्या डोळ्यांवर दोन वेळा शस्त्रक्रिया केली. परंतु दृष्टी तर परत आली नाहीच, प्रकृती मात्र ढासळली. २८ जुलै १७५० रोजी वयाच्या सहासष्टाव्या वर्षात त्याने प्रभूच्या ठायी विसावा घेतला. त्याच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची जी यादी झाली तीत पुष्कळ वाद्ये आहेत. त्यांपैकी एक ८० थालर किमतीचे असून ते शक्यतो घराण्यातच राहावे असा शेरा आहे. तर एक लहानसे वाद्य अवघ्या ३ थालरांचे आहे. ह्या पारख्याच्या घरी महाग व स्वस्त दोन्ही नांदत होती. प्रत्येकाचे काम निराळे होते. पत्नी आना माग्दालेना हिला मात्र पुढे दानधर्मावर दिवस काढावे लागले, आणि १७६० साली ती वारली. बाखचे नावही जनसामान्यांच्या कानांतून जवळजवळ नाहीसे झाले होते. १८२९ साली तरुण मेंडेल्सझोन ह्याने बर्लिन येथे बाखची मत्तयकृत शुभवर्तमानावरील दुःखसहनाची संगीतरचना पुन्हा सादर केली, आणि तेव्हापासून त्याची कीर्ती वाढतच गेली.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही स्वतः एकदा केवळ खोक्यावरील नाव पाहून प्रार्थनेसाठी एक कीबोर्ड घेतला होता. दुकानाच्या लहानशा खोलीत तो छान वाटला. सभागृहात मुले गाऊ लागली तेव्हा वरचे स्वर कोणासच ऐकू येईनात, आणि आवाज वाढविला की खर्ज फाटू लागला. दोष कंपनीचा नव्हता, आमचा होता. बाखप्रमाणे आम्ही त्याची फुप्फुसे आधी तपासली नव्हती.

तेव्हा दुकानात गेल्यावर पहिल्याने आवाज पूर्ण मोठा करून दोन्ही हातांनी अनेक पट्ट्या एकदम दाबाव्यात, आणि कर्णा घरघरतो काय हे ऐकावे. मग एकेक पट्टी खालपासून वरपर्यंत वाजवून तार सप्तक दुबळे पडते की काय ते पाहावे. तीच पट्टी हलके आणि जोराने दाबून आवाजात फरक पडतो की नाही हे तपासावे. अगदी स्वस्त वाद्यांत हा फरक बहुधा पडत नाही, आणि अशा वाद्यावर मुलाचे बोट कोमल व कठोर ह्यांतील भेद कधीच शिकत नाही. उपासनेची गीते व साधी गाणी वाजवू पाहणाऱ्या नवशिक्यास ६१ पट्ट्या पुरतात. ज्यास पुढे पियानो शिकावयाचा आहे त्याने ८८ पट्ट्यांचे, हातोडीसारखा भार असलेले वाद्य पाहावे. पायाची खुंटी जोडता येते काय, हमी किती दिवसांची आहे, बिघडल्यास आपल्या गावी दुरुस्त करणारा आहे काय, हे विचारावे. वाद्यात किती शेकडा निरनिराळे आवाज भरले आहेत ह्या आकड्यास भुलू नये; त्यांतील किती खरे वाटतात ते कानांनी ठरवावे. तुलना करावयाची ती एकाच किमतीच्या व एकाच जातीच्या दोन वाद्यांची करावी. कारण प्रत्येक कंपनी हलकी व भारी अशी दोन्ही तऱ्हेची वाद्ये करीत असते. आणि वाजवून पाहण्यास मुलास बरोबर न्यावे. वाजविणार ते आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी मात्र आम्ही झिल्बरमान राखून ठेविला आहे. तुमच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईची रेघ उमटली म्हणजे तुम्हांसही राग येतो. आम्हांसही आमच्या शिक्षकांचा येत असे. राग आल्याबद्दल झिल्बरमानास कोणी दोष देत नाही. राग ओसरल्यावर तो पुन्हा कामास बसला, म्हणून त्याचे नाव राहिले. आणि आम्ही शिक्षकांनी बाखपासून घ्यावयाचे ते हे की, दोष सांगताना जितके स्पष्ट असावे तितकेच, तो दोष गेल्यावर, पसंती देण्यास तत्पर असावे.

बाख आपल्या पुष्कळ रचनांच्या आरंभी येशूचे साहाय्य मागणारी दोन अक्षरे लिही, आणि शेवटी गौरव केवळ देवाचे आहे अशा अर्थाची तीन लॅटिन अक्षरे लिहून लेखणी खाली ठेवी. त्याचा काटा खरा राहिला तो ह्याचमुळे, असे आम्हांस वाटते. ज्यास स्वतःचे गौरव नको असते त्यास दुसऱ्याच्या कामाचे वजन कमी करण्याचे कारण उरत नाही, आणि वाढविण्याचेही नाही.